सामाईक विहीर

गोंदियाहून निघालेली महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरला जाता जाता नगरला थांबते, ही माझ्या आयुष्यातली फार मोठी सोय आहे. बाकी कुणाला तिचं कौतुक असल्याचं दिसत नाही. विदर्भातून सकाळी निघालेली ही गाडी राज्याच्या अंगावरून तिरपी उतरत येते आणि नगरच्या फलाटाला लागते तेव्हा मध्यरात्र कधीच उलटून गेलेली असते. डब्यात येण्याजाण्याच्या वाटेवरसुद्धा माणसं झोपलेली असतात. त्यांच्या हातापायांवरून उड्या मारत आपला बर्थ शोधायचा, त्यावर पसरलेल्याला उठवायचं आणि त्याची कुरकुर ऐकून घ्यायची. पण हीच गाडी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला कोल्हापुरात उतरवते आणि शाहू स्टेडियमवरची मुख्य मॅच असते चारला. रेल्वेने हे वेळापत्रक माझ्यासाठी आखलेलं नसणार. पण अठरा वर्षं मी तसं समजत आलोय.

नोकरीसाठी नगरला आलो तेव्हा दोन वर्षांत परत जायचं ठरवलं होतं. एमआयडीसीत कामाला लागलो, सावेडीत खोली घेतली, पुढे इथलीच मुलगी केली, घर झालं, मुलगा झाला. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, तरी लोकांच्या तोंडातून नगर जात नाही. माझ्या तोंडातून कोल्हापूर जात नाही. कुणी विचारलं, "कुठले तुम्ही?" की उत्तर तयार असतं, "मूळचा कोल्हापूरचा." त्या 'मूळचा'त मी बरंच काही कोंबलेलं असतं.

त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे फुटबॉल. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, फुलेवाडी, जुना बुधवार. यांतला माझा संघ कोणता, हे मात्र मी इथे सांगणार नाही. सांगितलं तर अर्धं कोल्हापूर पुढचं वाचणार नाही आणि उरलेलं अर्धं चुका काढायला वाचेल. माझ्या संघाला मी 'आमचे' म्हणेन आणि समोरच्यांना 'पलीकडचे'. कोल्हापुरात एवढं पुरतं. पलीकडचे म्हणजे बहुतेक वेळा खरोखरच रस्त्याच्या पलीकडचे असतात.

या फेब्रुवारीत थोरल्या भावाचा फोन आला. "सेमी आहे. पलीकडच्यांबरोबर. येतोस, का बसतोस टीव्हीवर लंडन बघत?"

टीव्हीवर लंडन मी बघत नाही, माझा मुलगा बघतो. बारा वर्षांचा आहे. इंग्लंडातल्या वीसच्या वीस संघांची मैदानं त्याला पाठ आहेत, कुठल्या मैदानात किती माणसं मावतात तेही. भिंगारच्या बाजूला कॅम्पातल्या मैदानावर तो संध्याकाळी खेळायला जातो. नगर हा तसा क्रिकेटचा आणि कुस्तीचा जिल्हा. झहीर खान श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा. २०२५ च्या सुरुवातीला वाडिया पार्कात महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या तेव्हा शहरात मुंगीला वाट नव्हती. फुटबॉल इथे आहे, पण लष्कराच्या छावणीच्या आणि शाळा-कॉलेजांच्या आसऱ्याने आहे. मॅचला बघे किती, तर सुटे खेळाडू, दोन मास्तर आणि सायकल लावून थांबलेला एखादा पाववाला. मुलाच्या मॅचला मी कधी गेलेलो नाही. शिफ्ट असते, असं सांगतो.

त्याला म्हटलं, "चल, यंदा तुला आपली होम मॅच दाखवतो."

"होम म्हणजे आपल्या ग्राउंडवर?"

"हो."

"मग त्यांचं ग्राउंड कुठंय?"

मी म्हटलं, "तेच."

तो विचारात पडला. नगरच्या फलाटावर गाडी येईपर्यंत त्याने मिलानचं सॅन सिरो आठवून काढलं. तिथे मिलान आणि इंटर दोघंही खेळतात, पण प्रत्येक मॅचला यजमान कोण आणि पाहुणा कोण हे कागदावर ठरलेलं असतं. "आपल्याकडं पाहुणा कोण असतो?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गाडी आली आणि मी सुटलो.

*

दौंडला पूर्वी इंजिन सोडवून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडत. तेवढ्यात फलाटावर उतरून चहा व्हायचा, आणि गाडी उलटी निघाली की नवख्या प्रवाशाला आपण परत चाललो असं वाटायचं. पहाटे पुणं आलं. तिथे निम्मा डबा उतरला आणि आम्हाला पाय पसरता आले. जेजुरी, नीरा, लोणंद. पुढे आदर्कीच्या घाटात गाडी वळणं घेत बोगद्यांतून निघते. तिथे पोरगं वरच्या बर्थवरून खाली आलं आणि खिडकीला चिकटलं. जाळीच्या पिशवीत त्याने आपला फुटबॉल घेतला होता. तो त्याने रात्रभर उशाला ठेवला होता.

कराड गेलं की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. फेब्रुवारीत तोडीचा हंगाम ऐन भरात असतो. फडांच्या कडेला कोप्या दिसतात, उसाच्याच पाचटाच्या. मुलाच्या वर्गात पाथर्डी तालुक्यातला एक मुलगा आहे. त्याचे आईवडील दिवाळीनंतर तोडीला जातात, म्हणून तो आजीजवळ राहतो. "त्याचे आईबाबा इकडं असतील का?" त्याने विचारलं. असतीलही. पाथर्डी-शेवगावातून दर वर्षी कितीतरी टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर उतरतात. नगर जिल्ह्याने १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करून देशाला वाट दाखवली, आणि त्याच जिल्ह्यातली कोरडवाहू गावं अजून दुसऱ्यांचा ऊस तोडायला घर सोडतात. नगरहून कोल्हापूरकडे जाणारे आम्ही काही एकटे नव्हतो. आम्ही तेवढे मॅचला चाललो होतो.

मिरज सोडल्यावर माझ्या पोटात गोळा येतो. वयाच्या पंचेचाळिशीतही येतो. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी. रुकडीच्या पुढे पंचगंगेवरचा पूल लागला की मी दारात जाऊन उभा राहतो. त्या दिवशी गाडी पुलाच्या अलीकडेच थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस. पोरगं म्हणालं, "बाबा, मॅच चारला आहे, आत्ता एक वाजतोय." मीही त्याला हेच सांगितलं असतं, पण स्वतःला पटत नव्हतं.

*

घरी गेलो तर वहिनींनी पिठलं-भाकरी केली होती. पाहुणे येणार म्हणून तांबडा-पांढरा होईल ही आमची आशा. "मॅचच्या दिवशी मटण नाही," वहिनींनी जाहीर केलं. दोन वर्षांमागे एका फायनलच्या दिवशी मटण झालं होतं आणि आमचे तीन गोलने हरले होते. तेव्हापासून मॅचला पिठलं. दादाने सोमवारपासून दाढी केली नव्हती. यातलं काही खरं नसतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण विषाची परीक्षा कोण घेणार!

निघताना दादाची नजर मुलाच्या अंगावरच्या जर्सीवर गेली. इंग्लंडातल्या त्याच्या लाडक्या संघाची ती जर्सी त्याने वाढदिवसाला हट्ट करून घेतली होती. दादा एवढंच म्हणाला, "हा रंग घालून आपल्या गॅलरीत बसायचं म्हणतोस?" रंग कोणता ते मी सांगत नाही, नाहीतर पेठ कळेल. पोराला चुलतभावाचा जुना ढगळ शर्ट मिळाला. तो रुसला. मग दादाने त्याला गांधी मैदानावर नेऊन दहा मिनिटं बॉल खेळू दिला आणि रुसवा गेला.

गांधी मैदान म्हणजे एके काळचं वरुणतीर्थ तळं. तळं बुजलं, मैदान झालं, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोरं खेळली. पण पावसाळ्यात पाणी आपली जुनी जागा शोधत येतं आणि मैदानाचं पुन्हा तळं होतं. कोल्हापूरचं बरंच असं आहे. खाली काहीतरी जुनं असतं आणि जोराचा पाऊस आला की ते वर येतं. फुटबॉलचंही तसंच. संघांच्या नावात 'तालीम' का आहे, असं पोराने विचारलं. तालमी मुळात कुस्तीच्या. प्रत्येक पेठेची तालीम, तालमीचा आखाडा, आखाड्यातला हनुमान. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कुस्तीला राजाश्रय मिळाला. १९०२ च्या युरोपच्या दौऱ्यात महाराजांनी रोमचं ते प्रचंड गोल प्रेक्षागार पाहिलं आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं. वाटोळं, मधे हौदा, आणि कुठेही बसा, कुस्ती दिसणारच. पुढे त्याच तालमींच्या पोरांनी पायात बॉल घेतला. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन उभी राहिली आणि पेठांची ईर्षा मैदानात मांडायला एक चौकट मिळाली. आखाडा मागे पडला तरी तालीम राहिली. गणपती तिचाच, शिवजयंती तिचीच, रक्तदान शिबिर तिचंच आणि संघही तिचाच. म्हणून कोल्हापूरचा फुटबॉलशौकीन संघ निवडत नाही. जन्मल्याबरोबर नावाच्या आधी त्याला संघ लागतो.

चालतच निघालो. मिरजकर तिकटीच्या बाजूला पोरांचे घोळके एकाच दिशेने चालले होते. मोटारसायकलींवर तिघं तिघं, हातात गुंडाळलेले झेंडे. खासबागजवळ केशवराव भोसले नाट्यगृहाकडे बघून दादा थोडा थांबला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. त्या रात्री सगळ्या पेठांतली माणसं तिथे धावली होती. "त्या दिवशी कुणाला कोण कुठल्या तालमीचा हे दिसत नव्हतं," दादा म्हणाला आणि पुढे चालू लागला.

*

शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आमची जागा ठरलेली आहे. जागा म्हणजे काय, वडील जिथे बसत तिथे. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचे दोस्त आप्पा अजून येतात. सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, तरी पहिल्या मॅचच्याही आधी येऊन बसतात आणि शेजारी वर्तमानपत्राची दोन पानं अंथरून त्यांवर खडा ठेवतात. एक पान दादाचं, एक माझं. मी हंगामात दोनदा येतो, फार तर तीनदा.

"मी नसताना इथं कोण बसतं, आप्पा?"

"कोन बसंल? पेपर हाय की तितं."

पोराला त्यांनी आपल्या मांडीपाशी ओढून घेतलं. "कुठला रं तू?"

"नगरचा," तो म्हणाला. मागच्या दोन पायऱ्या हसल्या. कुणीतरी ओरडलं, "नगरचा न्हवं भावा, नगरचा बाप तुजा. तू हितलाच." पोरगं गोंधळून माझ्याकडे बघायला लागलं. मला खरं तर बरं वाटलं होतं.

गॅलरी भरत गेली. आमची एका अंगाला, पलीकडच्यांची दुसऱ्या अंगाला, मधे पोलीस. हलगी सुरू झाली, तिच्यामागे घुमकं आणि कैताळ. हलगीला उत्तर म्हणून पलीकडून हलगी. मॅच सुरू व्हायच्या आधीच एक मॅच सुरू होते, ती ही. तिच्यात शिव्याही असतात, आणि त्या काही सोज्वळ नसतात. पोराचे कान झाकायचे की हे त्यानेही ऐकावं, हे मला ठरवता येईना. माझ्या वडिलांनीही माझे कान झाकले नव्हते. पण त्यांच्या काळात शिवी कल्पक असे, असं आप्पांचं म्हणणं. आता नुसतीच शिवी राहिलीय. आणि कधी कधी शिवीवर भागत नाही. दगड उडतात, मॅच थांबते, बाहेर गल्लीत रात्रभर पोलिसांची गाडी उभी राहते. असल्या एका दिवशी कॉलेजात असताना मीही हात उचलला होता. कुणावर, ते आठवत नाही. का, तेही आठवत नाही. पोराला हे सांगितलेलं नाही.

त्याचा नगरच्या फलाटावरचा प्रश्न अजून संपला नव्हता. त्याने तो आप्पांपुढे ठेवला. दोघांचं ग्राउंड एकच, मग होम कुणाचं?

आप्पांनी बराच वेळ मैदानाकडे बघितलं. "भावाभावात वाटणी झाली, तरी हीर एकच ऱ्हाती का न्हाई?"

पोराला कळलं नाही. मी सांगितलं, शेताची वाटणी होते, बांध पडतात, पण विहिरीचे तुकडे करता येत नाहीत. ती सामाईक राहते. आठवड्यातले वार वाटून घेतात, ज्याची पाळी त्याने पाणी घ्यायचं.

"आनि भांडायचं बी पाळीवरनंच," आप्पा म्हणाले. "पर हीर बुजवत न्हाई कोन. हितं तर तळंच हुतं आदी. रावणेश्वराचं तळं. आमचं थोरलं सांगायचं."

*

मॅचचं थोडक्यात सांगतो, कारण हरल्याचं सविस्तर सांगायची रीत आमच्या पेठेत नाही.

पहिली वीस मिनिटं आमची होती. डाव्या बगलेतून आमचा एक पोरगा पळत होता, त्याला पलीकडच्यांचे दोघंही आवरत नव्हते. दोनदा त्याने क्रॉस टाकला, दोनदा आमच्या आघाडीपटूने डोक्याने बाहेर घातला. "तू पिठलं खाल्लं नाहीस का रं!" दादा ओरडला. मग जे नेहमी होतं तेच झालं. पलीकडच्यांना एक कॉर्नर मिळाला, गोलसमोर गर्दी झाली, कुणाच्या तरी नडगीला लागून बॉल जाळीत गेला. समोरची गॅलरी उसळली. आमची गप्प. हलगीवाल्याने हलगी मांडीवर ठेवली.

टीव्हीवर फुटबॉल बघणाऱ्याला मैदानातली एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे आवाज कुठून येतो ते. घरी आवाज एकसारखा असतो. इथे गोल समोरच्यांचा झाला की आवाज आधी छातीवर येऊन आदळतो, आणि आपल्या बाजूला मात्र शेजाऱ्याचा श्वास ऐकू येईल एवढी शांतता असते. मुलाने माझा हात धरला होता. मग सोडून दिला.

मध्यंतराला शेंगा आल्या. आप्पांनी पोराला अनिकेत जाधवचं सांगितलं. कोल्हापूरचं पोरगं, २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला तेव्हा भारताकडून खेळलं. निखिल कदमचं सांगितलं, तो मोहन बागानकडून खेळला. पोराला मोहन बागान माहीत होतं. १९११ साली गोऱ्या पलटणीला अनवाणी हरवून आयएफए शिल्ड जिंकणारे, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. "अनवानी आमीबी खेळलोय," आप्पा म्हणाले, "पर गोरी पलटन गावली न्हाई." मधल्या काळात आफ्रिकेतले खेळाडूही पेठांच्या संघांत आले होते. त्यांतला एक जण मॅच संपल्यावर सगळ्यांना 'भावा' म्हणायचा, ही आठवण निघाली. तो कुठल्या तालमीचा होता यावर आप्पा आणि मागच्या पायरीवरचा एक जण पाच मिनिटं भांडले.

उत्तरार्धात आम्हाला चौकटीच्या बाहेर फ्री किक मिळाली. आमच्या कप्तानाने बॉल उचलून भिंतीवरून असा वळवला की गॅलरी उभी राहिली, गोल झालाच होता. आणि पलीकडच्यांचा गोलरक्षक कुठून आला कोण जाणे, हवेत आडवा झाला. बोटांची टोकं लावून त्याने बॉल वर काढला. बॉल आडव्या दांड्याला चाटून मागे गेला.

सगळ्यांचे हात डोक्यावर. आणि त्या सुन्न शांततेत माझ्या शेजारून टाळ्यांचा आवाज आला. माझा मुलगा उभा राहून टाळ्या वाजवत होता. डोळे मोठे झालेले, तोंड उघडं.

पायऱ्यांवरची शंभरेक डोकी वळली. दादाने त्याचा शर्ट धरून खाली खेचलं. "कुनाचं रं हे पोरगं?" मागून प्रश्न आला, आणि या वेळी त्यात हसू नव्हतं. माझं मलाच कळेना, मी त्याला रागवावं की वर बघणाऱ्यांना. आठवलं एवढंच, की तो झेप मारणारा गोलरक्षक मीही पाहिला होता आणि माझे हातही टाळीसाठी अर्ध्यावर आले होते. मी ते तिथेच थांबवले होते. चाळीस वर्षांच्या सरावाने.

आप्पा मैदानावरची नजर न काढता म्हणाले, "वाजीव. पर आवाज न करता वाजीव."

मागची पायरी हसली. विषय संपला. पोराने पुढची दोन मिनिटं खरंच आवाज न करता टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या दहा मिनिटांत आमची बरोबरी झाली. तो गोल मला दिसलाच नाही. पुढे सगळे उभे होते, मी उड्या मारत होतो, कुणीतरी मला मिठी मारली आणि मी कुणाला तरी मारली. १-१. मग टायब्रेकर. आमची एक पेनल्टी त्याच गोलरक्षकाने अडवली. ४-३. तिकडे गुलाल उडाला. इकडे आप्पांनी वर्तमानपत्राची पानं उचलली, नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवली. "पुढच्या मॅचला लागतील," म्हणाले.

*

रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. म्हशी रांगेत उभ्या, समोर धार काढून ग्लासात फेसाळ दूध. हरल्यावर आमच्याकडे दूधच पितात, जिंकल्यावरही दूधच. तिथे दादाचा शाळासोबती भेटला, पलीकडच्यांचा. दोघांचा जुना करार आहे की ज्याचे जिंकतील त्याने दुधाचे पैसे द्यायचे. त्याने दिले. देताना म्हणाला, "काय रं, झोप लागंल का आज?" दादा ग्लासातून वर बघेना. मग त्या शाळासोबत्याने माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. "आमच्या कीपरला टाळी दिली म्हनं तुमच्या पोरानं?"

आम्ही मैदानातून निघून दीड तास झाला नव्हता. बातमी आमच्या आधी गंगावेशीत पोचली होती.

"द्या की आमच्यात," तो म्हणाला. "नीट बघता येतंय त्याला."

दादाने पहिल्यांदा मान वर केली. "त्याला न्हाई द्यायचा. तू न्ह्यायचा तर मला ने, जिंकायला तरी मिळंल." दोघं हसले. हसण्यात अर्धा खरेपणा होता आणि तेवढाच राग.

दुसऱ्या दिवशी दुपारची परतीची गाडी. पंचगंगा, रुकडी, मिरज, ऊस, कोप्या, घाट. उलट्या क्रमाने सगळं आलं आणि गेलं. पुण्यानंतर दोघंही झोपलो. नगरला उतरलो तेव्हा पुन्हा मध्यरात्र उलटली होती. स्टेशनाबाहेर एकच रिक्षा. सावेडीचं ठरलं.

"कुठून आलात एवढ्या रात्री?" रिक्षावाल्याने विचारलं.

"कोल्हापूर."

"तिकडचे का तुम्ही?"

मी तोंड उघडलं. अठरा वर्षांचं उत्तर जिभेवर होतं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पेंगणारं पोरगं डोळे न उघडता म्हणालं, "नाही, इथलेच. मॅचला गेलो होतो."

रिक्षावाला म्हणाला, "बरं बरं." रस्ता मोकळा होता. घर येईपर्यंत मी काही बोललो नाही.

पुढच्या रविवारी कॅम्पातल्या मैदानावर मुलाच्या शाळेची मॅच होती. मी शिफ्ट बदलून घेतली. मैदानाला पायऱ्या नाहीत. एका कडेला लिंबाच्या झाडाखाली दगडी कट्टा आहे, तेवढाच. बघे नेहमीएवढेच. मी लवकर जाऊन कट्ट्यावर वर्तमानपत्राची दोन पानं अंथरली आणि एकावर बसून दुसऱ्यावर खडा ठेवला. दुसरं पान कुणासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. सवय.

मॅच सुरू व्हायच्या आधी एक गृहस्थ आले. हातात पाण्याची बाटली, खांद्यावर पोराचं दप्तर. पेपर बघून थबकले. "कुणी बसलंय का इथं?"

"तुमचं पोरगं कुठल्या संघात?" मी विचारलं.

त्यांनी समोरच्या गोलकडे बोट दाखवलं. पलीकडच्यांचा गोलरक्षक हातमोजे घालत होता.

मी खडा उचलला. "बसा की."